खिळ्यावरचा नान

डिसेंबर सरत आला होता तरी तुरोबआका नुसत्या सदऱ्यावर अंगणातल्या ऐसपैस लाकडी तख्तावर बसला होता आणि आभाळाकडे बघत होता. होसियतने त्याच्यापुढे चहाचा प्याला ठेवला, काठोकाठ भरलेला.

ताश्कंदमध्ये चहा असा भरत नाहीत. माणसाची किंमत असेल तर प्याल्यात दोनच घोट ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, आणि ओतणारा किटली हातात धरून समोर बसतो. काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: पी आणि चालता हो. होसियत कित्येक वर्षं नवऱ्याला काठोकाठ चहा देत होती आणि तुरोब तो थेंबही न सांडता पीत होता. तेवढं एकच कसब त्याच्या हातात आहे, असं ती शेजारणींना सांगायची.

“कुणाची वाट बघताय?” ती म्हणाली. “तुमचा मुकादम यंदाही येत नाही. गेल्या वर्षीही आला नव्हता.”

मुकादम म्हणजे थंडी. हे ती का म्हणायची ते कळायला तुरोबची नोकरी माहीत हवी. तो आरोग्यखात्यात उंदीर मारायच्या कामावर होता. पानगळ संपता संपता पत्र्याची बादली घेऊन तो चिनोरली मोहल्ल्यात घरोघर फिरायचा आणि रस्त्याकडेच्या पाटांतल्या बिळांमध्ये लाल रंगवलेले विषारी गहू मूठमूठ घालायचा. मग चिल्ला लागायचा, चाळीस दिवसांची ती हाडं फोडणारी थंडी. पाट गोठायचे, जमीन फावड्याला दाद द्यायची नाही. आणि जर्दाळूला फुलं येईपर्यंत मोहल्ल्यात उंदीर औषधालाही सापडायचा नाही. लोक म्हणायचे, तुरोबआकाच्या हाताला बरकत आहे. लग्नाकार्यात त्याला दारापासून सगळ्यात लांबची, मानाची जागा मिळायची आणि पुलावातलं चांगलं मटण त्याच्याकडे सरकवलं जायचं. होसियतच्या बापानेही पोरगी दिली ती याच कीर्तीवर. सरकारी नोकरी, आणि वर उंदरांचा काळ. आणखी काय हवं?

तीही भाळली होती. खोटं कशाला बोला. पुलावाच्या पंगतीत नवऱ्याचं नाव निघालं की तिची मान ताठ व्हायची.

मग एका वर्षी तुरोबला कावीळ झाली. सबंध पानगळ तो इस्पितळात पडून होता आणि बादली भिंतीवर टांगलेली. एक दाणा कुठल्या बिळात पडला नाही. चिल्ला आला तसा आला, उंदीर गेले तसे गेले. तुरोब हळदीसारखा पिवळा होऊन घरी परतला तेव्हा शेजारी गरम नान घेऊन भेटायला आले आणि म्हणाले, “आका, यंदाही उंदीर नाही बरं का! तुमच्या हाताला तोड नाही.”

होसियत दाराआडून ऐकत होती. आता हा सांगेल, असं तिला वाटलं. हसत का होईना, सांगेल. तुरोबने छातीवर हात ठेवला, मान लववली आणि म्हणाला, “अल्लाची कृपा. आणि थोडी आपली मेहनत.”

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली तर तो कावळ्याचा दोष नाही. पण कावळ्याने त्या फांदीचं श्रेय घेऊन पंगतीत मटण चापावं, हे तिच्या बुद्धीला झेपेना. पाहुणे गेल्यावर तिने नवऱ्याचा चहा ओतला तो काठोकाठ, आणि तिथून पुढे कधी हात आखडला नाही.

म्हातारपणी तुरोब निवृत्त झाला, आणि पाठोपाठ थंडीनेही राजीनामा दिला. बर्फाऐवजी पाऊस पडू लागला. चिल्ल्यात डास गुणगुणू लागले. अंगणातलं जर्दाळूचं झाड भर जानेवारीत फसून फुलायचं आणि मग आपल्या मूर्खपणाबद्दल वर्षभर बिनफळाचं उभं राहायचं. झाड ते झाड, पण माणसंही काही कमी नव्हती. त्यांनी मोहल्लाच विकायला काढला. मातीची घरं पाडली, चिनार मुळापासून तोडले आणि त्या जागी काचेचे मनोरे उभे करून मनोऱ्यांना नाव दिलं ‘चिनारांची सावली’. गायी बाळगणारी सगळी गल्ली शहराबाहेर हाकलली गेली. जमिनीखालून मनोऱ्यांना गरम पाण्याचे नळ गेले आणि त्या उबेत उंदरांनी बाराही महिने बाळंतपणं काढायला सुरुवात केली. राहिली ती होसियतच्या ओळीतली चार घरं. त्यांच्या भिंतीवरून जाणाऱ्या पिवळ्या गॅसच्या नळावरून आता उंदीर भरदुपारी ये-जा करायचे, कसली घाई नाही, कुणाची भीती नाही. समोरून माणूस आला तर माणूसच थबकायचा.

मनोऱ्यांतल्या लोकांबद्दल होसियतचं मत झालं होतं आणि ते बदलण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही. एक फोड खाऊन अख्खं खरबूज फेकतात. काल शिजवलेला पुलाव आज पिशवीत बांधून कचऱ्यात. “यांच्या घरात उंदीर शिरला तर तोच यांना रीत शिकवील,” ती म्हणायची. एकच गोष्ट त्यांच्यात माणसासारखी उरली होती. ते नान कचऱ्यात टाकत नव्हते. नान कचऱ्यात टाकणारा हात त्या शहरात अजून जन्माला यायचाय. शिळा, वाळका, बुरशीचा ठिपका आलेला असला तरी लोक तो पिशवीत घालायचे, तोंडाला लावायचे, कपाळाला टेकवायचे आणि कचऱ्याच्या पिंपांच्या कडेवर ठेवून जायचे. पूर्वी गायवाले अशा पिशव्या उचलून न्यायचे.

पण पिंपाची कड म्हणजे काय ठेवायची जागा आहे? होसियतला ते बघवेना. तिने लांब खिळे आणले आणि पिंपांमागच्या भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर, ओळीने ठोकले. मग कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहून तिने मनोऱ्यांतल्या बायकांना धडे दिले. “वर नान, खाली घाण. कळलं? बँकेत नोकरी करता ना? मग एवढं लक्षात राहील.” मोहल्ल्याचा अध्यक्ष लुत्फुल्ला याने नवरोजच्या जेवणात सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, की होसियतखालांनी नव्या पिढीला नानची किंमत शिकवली. होसियतने छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

रोज सकाळी पिशव्या रिकाम्या लोंबकळत असायच्या. कुणाच्या तरी मुखी लागतंय, असं तिला वाटायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

तिची खरी मिरास मात्र अंगणातला तंदूर होती. माती तुडवून, त्यात मेंढीची लोकर कालवून तिने तो स्वतःच्या हाताने रचला होता. पहाटे ती नान भाजायची. तिच्या नानवरची ठशाची नक्षी लांबून ओळखू यायची आणि मनोऱ्यांतली नाकं मुरडणारी माणसंही त्यासाठी रांगेत उभी राहायची. लोक तिला होसियतखाला म्हणत, ते तंदूरमुळे. तंदूर गेला तर ती उरणार होती फक्त तुरोबची बायको, आणि त्यापेक्षा विहीर जवळ करावी.

म्हणूनच त्या दिवशी लुत्फुल्ला अंगणात आला आणि बोलता बोलता त्याची नजर तंदूरवर गेली, तेव्हा ती उठून तंदूरपुढे उभी राहिली. त्याच्यासोबत सातव्या मजल्यावरची दिलफुझा होती. तिच्या गाडीच्या इंजिनात उंदरांनी बाळंतखोली मांडली होती आणि वायरी कुरतडून बिछाना केला होता.

“खाला, रागावू नका,” लुत्फुल्ला म्हणाला, “पण लोक बोलतायत. पीठ सांडतं, ऊब मिळते. उंदीर तंदूरपाशी येतात म्हणे.”

“म्हणे कोण?”

“सगळेच.”

“सगळेच म्हणजे ही,” होसियत म्हणाली आणि तिने दोघांच्या प्याल्यांत काठोकाठ चहा ओतला. लुत्फुल्लाचा चेहरा पडला. दिलफुझा लहानपणापासून यंत्रातली कॉफी पिणारी, तिने आनंदाने प्याला उचलला आणि बोटं भाजून घेतली.

“लुत्फुल्ला, तुझं नाक मी माझ्या पदरानं पुसलंय. तेव्हाही तू दुसऱ्याचं ऐकूनच रडायचास. माझा तंदूर इथं रचला तेव्हा ही बाई कुठं होती? आणि तेव्हा उंदीर कुठं होते?”

“तेव्हा तुरोबआका कामावर होते ना, खाला!”

होसियतला हसावं की रडावं कळेना. तुरोब तख्तावर बसून प्याल्यात बघत होता.

“मी औषध घालतो,” तो पुटपुटला. “चिल्ला लागू द्या.”

“तसलं दाण्याचं औषध कोण खातंय?” दिलफुझा म्हणाली. “नानला लावून ठेवा ना विष. ते बरोबर खातील.”

तुरोबने मान वर केली. “नानला विष? तोबा, तोबा. साहेबानं हुकूम दिला होता तेव्हाही मी केलं नाही ते.”

“शुक्रवारी नमाजानंतर बैठक आहे,” लुत्फुल्ला उठत म्हणाला. “उंदरांचं काही निघालं तर ठीक. नाहीतर तंदूर पाडावा लागेल, खाला. माझाही नाइलाज आहे.”

तुरोबने भिंतीवरची बादली काढली, लाल गहू घातले. दोन दिवसांनी बघायला गेला तर दाणा दाणा जिथल्या तिथे. उलट एका ढिगावर उंदराने लेंड्या टाकून आपलं मत कळवलं होतं.

“खात नाहीत,” तो घरी येऊन म्हणाला. “पोटं भरलेली आहेत त्यांची.” मग तो बराच वेळ कुंपणापलीकडे, पिंपांमागच्या भिंतीकडे बघत राहिला. “होसियत, ते जे नान तिथं—”

“नानचं नाव घेऊ नका. आयुष्यभर दुसऱ्याच्या पुलावावर जगलात. नान भाजणारीला अक्कल शिकवताय? शुक्रवारी तोंड उघडा म्हणजे झालं. तंदूरनं उंदीर येत नाहीत, एवढं एक वाक्य. जमेल?”

“जमेल,” तुरोब म्हणाला.

बैठक मनोऱ्यासमोर भरली, पिंपांपासून फार लांब नाही. जानेवारी असून लोक कोट हातावर टाकून उभे होते, म्हातारी माणसं तेवढी बाकांवर बसली होती. लुत्फुल्लाने भाषण केलं. स्वच्छता, नवं शहर, पाहुणे काय म्हणतील. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी द्यायची, याचा तो नमुनाच होता, आणि लोक माना डोलवत होते. होसियतने नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला.

“उठा. जन्मात एकदा तरी कामाला या.”

तुरोब उठला. टोपी नीट केली.

“उंदीर तंदूरमुळे आलेले नाहीत,” तो म्हणाला, आणि होसियतने समाधानाने इकडे तिकडे बघितलं. पण तो खाली बसला नाही. “आणि माझ्या औषधानं ते कधी मेलेही नाहीत. चिल्ला मारायचा त्यांना. बाहेर गारठा आणि खायला काही नाही, म्हणून मरायचे. आपला शिळा नान तेव्हा गायी खायच्या. आता गारठा राहिला नाही, गायी राहिल्या नाहीत. नान तेवढा राहिला.” त्याने पिंपांमागच्या भिंतीकडे हात केला. “ते खिळे काढा. नान टांगायचं बंद करा.”

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, “मग टाकायचा कुठं, आका? कचऱ्यात?”

“घट्ट झाकणाच्या डब्यात,” तुरोब म्हणाला. “टाकावाच लागला तर.”

“तोबा!” एक बाई ओरडली. “म्हातारा धर्म सोडून बोलतोय!” “म्हणजे आमच्या लग्नातलं मटण फुकटच चापलंत की!” दुसरा म्हणाला आणि हशा पिकला. लुत्फुल्ला हसता हसता डोळे पुसू लागला.

होसियतच्या कानांत त्यातलं काही शिरत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की तिचे खिळे, तिने ठोकलेले, सगळ्यांनी वाखाणलेले, हा माणूस चव्हाट्यावर उपटायला निघालाय. ती पुढे झाली. तिचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जायचा, आज तो वरपर्यंत गेला.

“ऐका हो, ऐका! या माणसानं जन्मभर थंडीच्या जिवावर मिरवलं. मी घरात हेच सांगत आले. आता थंडी नाही, तर हा नानवर ढकलतोय! दुष्काळात माझ्या आजीनं जेवणाच्या चादरीवरचा चुरा बोटानं टिपून खाल्ला, आणि हा म्हणतो डब्यात टाका! अहो, माझा तंदूर पाडायचा तर पाडा. पण मी जिवंत आहे तोवर या मोहल्ल्यात नान कचऱ्यात जायचा नाही!”

काय टाळ्या पडल्या! दिलफुझाने तर तिला मिठीच मारली. तुरोब खाली बसला आणि टोपी काढून तिच्यात बघत राहिला. लुत्फुल्लाने हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

“ऐकलंत? याला म्हणतात मोठं मन. खाला स्वतःच म्हणाल्या, पाडायचा तर पाडा. ठरलं तर मग. खालांसाठी आणखी एकदा टाळ्या.”

पुन्हा टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत होसियतला आपण काय बोलून बसलो ते कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोललेला शब्द तोंडात परत घालता येत नाही, आणि तिच्यासारखीला तर नाहीच.

माणसं आली, पहारीने तंदूर फोडला. आतली काळी, भाजून पक्की झालेली माती ट्रकात भरून नेली. मागे अंगणात गोल डाग राहिला. आता ‘चिनारांची सावली’तले लोक कारखान्यातला नान आणू लागले, रबरासारखा, ना वास ना नक्षी, दुसऱ्या दिवशी न खाता येणारा. साहजिकच खिळ्यांवरच्या पिशव्या दुप्पट झाल्या. उंदीर कमी झाले का, असं लुत्फुल्लाला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. ठराव झाला होता, टाळ्या झाल्या होत्या, आणि त्या लोकांना तेवढं पुरे असतं.

फुलायचे दिवस नसताना जर्दाळू पुन्हा फुलला. एका सकाळी होसियत स्वतःच्या घरचा उरलेला नान पिशवीत घालून भिंतीपाशी गेली. विकतचा नान, तोही उरलेला. तिने तो कपाळाला लावला आणि खिळ्याकडे हात नेला. खिळ्यांच्या वरून जाणाऱ्या पिवळ्या नळावर एक उंदीर बसला होता. चांगला पोसलेला, अंगावर तकाकी. तो पळाला नाही. मानाच्या जागी बसलेला पाहुणा ताट कधी येतंय ते बघतो, तसा तो तिच्या हाताकडे बघत होता. शेजारच्या खिळ्यावर दुसरा पिशवीत डोकं घालून जेवत होता, आणि त्याची शेपूट तिनेच ठोकलेल्या खिळ्याला वेटोळं घालून लोंबत होती.

कुठून येतात ते शोधायला सगळं गाव पालथं घातलं, आणि काखेत कळसा होता.

तिने दोन्ही हातांनी खिळा धरला आणि ओढला. हलला नाही. काम पक्कं करायची तिची सवय होती. तेवढ्यात दिलफुझा आली, हातात भरलेली पिशवी, ओठांनी ती नानचं चुंबन घेत होती.

“खाला, बरं झालं भेटलात. जागाच पुरत नाही हो. आणखी दोन-चार खिळे ठोका ना. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

होसियतने तोंड उघडलं. सांगायचं होतं ते जिभेवर होतं, पण ते सांगणारा माणूस आपला दोष नानवर ढकलतोय, हे तिनेच साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं होतं. तिने तोंड मिटलं. दिलफुझाने पिशवी टांगली आणि ती टाचा वाजवत निघून गेली. उंदराने नळावरून पाऊल पुढे टाकलं.

होसियत पिशवी घेऊन घरी परतली. तख्तावर चादर अंथरली, चहा केला, शिळ्या नानचे तुकडे केले. तुरोब काही न विचारता ते चहात बुडवून खाऊ लागला. त्याचा तो सुर्रकन घोट घ्यायचा आवाज तिला आजही सहन होत नव्हता.

“त्या दिवशी तुम्ही जरा मोठ्यानं का नाही बोललात?” ती एकदम म्हणाली.

“मोठ्यानंच बोललो होतो,” तुरोब म्हणाला. “तू त्याहून मोठ्यानं बोललीस.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. जिंकल्याची काही खूण दिसली असती तर तिला बरं वाटलं असतं, चार शब्द सुनावता आले असते. तसं काही नव्हतं. तो चादरीवरचा चुरा बोटाने टिपून खात होता. त्याचा प्याला रिकामा झाला होता.

तिने किटली उचलली. हात सवयीने काठापर्यंत जायला निघाला होता. दोन घोट पडल्यावर तिने तो आवरला, प्याला त्याच्यापुढे सरकवला, आणि किटली हातात धरून त्याच्यासमोर बसली.